मतदान चुकवायचंय? मग आधी ग्रॅज्युएट व्हा की बे

मतदान चुकवायला नुसता आळस पुरतो असं वाटत असेल तर तसं नसतंय, त्याला शिक्षण लागतं. सोलापुरात पूर्व भागात विड्या वळणाऱ्या मावशी बघा, सकाळी सातला चिठ्ठी घेऊन बूथवर हजर, त्यांना काय जमणार हे.

तुम्ही सुरुवात नागरिकशास्त्रापासून करा. मतदानाचं वय 21 चं 18 कितव्या घटनादुरुस्तीनं झालं, 61व्या, लिहायचं, मार्क घ्यायचा, संपलं. यादीत नाव घालायचा फॉर्म 6 पेपरात येत नाही त्यामुळं त्याच्याकडं बघायचं नाही. आता सतरा पूर्ण झाले की आधीच अर्ज करता येतो आणि अठरा पूर्ण झाले का बघायला वर्षात चार तारखा धरतात, म्हणजे चुकवणाऱ्यांचं कामच वाढवून ठेवलंय. 25 जानेवारीला कॉलेजात मतदार दिनाची शपथ असते, ती मात्र जोरात घ्या, फोटो स्टेटसला चांगला दिसतो.

डिग्री मिळाली की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणे गाठायचं. नोकरी हिंजवडीत, नाव विजापूर रोडच्या यादीत, एकदम परफेक्ट सेटिंग! नाव हलवायचा फॉर्म 8 मोबाईलवर भरता येतो म्हणे, पण तुम्ही पडला इंजिनिअर, दिवसभर कोडिंग करून परत फॉर्म कोण भरणार. 7 मे 2024 ला लोकसभेला सोलापुरात ऊन होतंच, कारण शोधायची पण गरज पडली नाही. हुतात्मा हे नाव गाडीला ज्यांच्यावरून दिलंय त्या सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी 1931 साली फासावर दिलं, हे कुर्डुवाडीच्या आत आठवायला लागलं तर हेडफोन लावा.

खरी परीक्षा पुढंच. डिग्रीला तीन वर्षं झाली की सरकार तुम्हाला विधान परिषदेसाठी अजून एक मत देतं, पुणे पदवीधर मतदारसंघात आपला जिल्हा आहे. मावशींना एक, तुम्हाला दोन! घाबरू नका, ही यादी दरवेळी नव्यानं होते, फॉर्म 18 भरला नाही की सुटलात. फक्त दिवाळीला जुळे सोलापुरात घरी आलात की गल्लीतले रिटायर्ड सर फॉर्मचा गठ्ठा घेऊन दारात येतात, "डिग्रीची झेरॉक्स दे रे बाळा." तेव्हा गोंधळायचं नाही, नम्रपणे सांगायचं, "सर, डिग्री गावाकडं राहिलीय."

"आरं, मग हे कुठलं गाव हाय?"