एन.ए. प्लॉट, पुराचं पाणी आणि घराचा विमा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, प्लॉट एन.ए. आहे, लेआउट मंजूर आहे, मग 'नदीकाठी घर बांधू नका, घराचा विमा उतरवा' असं लेखात लिहून मी लोकांना का घाबरवते? आणि विमा ही कंपन्यांची कमाई, पूर आलाच तर सरकार देतंच.

एन.ए. म्हणजे बिगरशेती, शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी. पाणी किती चढतं, हे त्या कागदावर नसतं. आपल्या कर्नाटकाच्या पलीकडे, महाराष्ट्रात त्यासाठी रेषा आखतात : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून येणाऱ्याची लाल. केंद्राने पूरपट्ट्यातल्या बांधकामांबद्दल कायद्याचा मसुदा १९७५ मध्येच राज्यांना दिला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंडने कायदा केला, कर्नाटकने अजून नाही. म्हणून प्लॉट बघायला जाल तेव्हा एजंटाला नको, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा : २०१९ च्या पुरात पाणी कुठवर होतं?

एक मात्र तुमचं खरं. कारदगा, भोज, यडूर या आपल्याकडच्या नदीकाठच्या गावांच्या गावठाणात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी उठून जावं कुठे? त्यांना मी तसं म्हणणार नाही, आणि हे लेखातच लिहायला हवं होतं. माझा राग नव्या भरावावर आहे. भरावाने एकाचा उंबरा वर जातो आणि पाणी शेजाऱ्याच्या माजघरात शिरतं.

आता सरकारी मदत. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले. माझ्या आत्याचं घर पडलं नाही. धान्य, फ्रीज, शिलाई मशीन, गाद्या सगळं चिखलात गेलं. तिच्या हाती आले १० हजार.

म्हणून विम्याचं एवढ्या कळकळीने लिहिलं. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' पॉलिसी आहे. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही. घराचा विमा उतरवला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानही आपोआप येतं. दावा करायचा तर चिखल काढण्याआधी फोटो घ्या. आपल्या बायका पाणी उतरल्याबरोबर घर धुवायला लागतात.

आणि तुम्ही लिहिलंत, 'कर्ज घेताना बँकेने विमा काढलाच आहे'. तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. फाइल आजच काढून बघा आणि काय निघालं ते इथे जरूर कळवा.