आरटीएमएसबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय शांतपणे, पूर्ण वाचला. आईच्या नैराश्यासाठी चार आठवडे आरटीएमएस, म्हणजे चुंबकीय ठोक्यांनी मेंदूला चालना देणारा उपचार, केला, वीस सत्रं झाली, तरी काही फरक नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. डोकं दुखायचं, मशीन टेक्निशियन चालवायचा आणि डॉक्टर थोडा वेळच दिसायचे, गोळ्या सुटतील असं वाटलं होतं त्या चालूच राहिल्या, हीही तक्रार आहे. ‘हे शॉकच, नाव तेवढं नवं’ असं तुमचं म्हणणं. आणि बाबांच्या पार्किन्सन्ससाठी हेच उपचार मागितले तेव्हा नकार मिळाला, त्याचा राग वेगळा.

आमच्याकडे कोण उपचार घेतं, हे मी चारचौघांत बोलू शकत नाही. त्यामुळे कोणाच्याही केसपेपरमधलं काही या उत्तरात येणार नाही. पण तुमचे प्रश्न पुष्कळ घरांतले आहेत, म्हणून एका ओळीत आभार मानून मोकळी होत नाही.

आधी शॉकबद्दल. ज्याला लोक शॉक म्हणतात त्या ईसीटीमध्ये भूल देऊन, विजेच्या साहाय्याने, मुद्दाम आकडी आणली जाते आणि तिचा परिणाम अख्ख्या मेंदूवर होतो. आरटीएमएसमध्ये आकडी आणायची नसते. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने वीज निर्माण होते, हे शास्त्रज्ञ फॅरडेने 1831 मध्ये दाखवलं. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व डोक्यावर कॉइल (तारेचं वेटोळं) धरून वापरलं आणि समोरच्या माणसाच्या हाताचे स्नायू आपोआप हलले. आजही प्रत्येक रुग्णाची मात्रा अशीच ठरते: अंगठा किंवा बोट जेमतेम हलेल इतकी शक्ती शोधायची आणि त्यावरून उपचाराची शक्ती काढायची. मग कॉइल कपाळाच्या वर, डाव्या बाजूला, मेंदूच्या पुढच्या भागावर येते. चुंबकीय क्षेत्र एमआरआयच्या मशीनइतकं जोरदार असतं, पण प्रत्येक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो आणि साध्या कॉइलचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे फारसा जात नाही. रुग्ण खुर्चीत जागा असतो, बोलू शकतो, संपल्यावर उठून चालत जातो. ईसीटीनंतर काहींना काही काळ विसरायला होतं, तसं इथे होत नाही.

हे लिहिताना ईसीटीला मात्र मी नावं ठेवणार नाही. माणूस खाणंपिणं सोडतो, भ्रम होतात, जीव द्यायची भाषा करतो, तेव्हा ईसीटीच जास्त खात्रीचा आणि जास्त वेगाने काम करणारा उपाय आहे. त्याची भीती घालून आरटीएमएस विकणं मला पटत नाही.

डोकेदुखी खरी आहे. कॉइलखालचे डोक्याच्या कातडीचे स्नायू प्रत्येक ठोक्याला आवळतात, शिवाय टकटक आवाज सतत असतो. म्हणून कानात बोळे देतो. बहुतेकांचं दुखणं पहिल्या एक-दोन आठवड्यांत उतरतं, साधी वेदनाशामक गोळी पुरते. तसं नसेल तर कॉइलचा कोन बदलता येतो, शक्ती कमी करून हळूहळू वाढवता येते. सहन करत बसण्याची काहीच गरज नसते, आणि हे प्रत्येक रुग्णाने खुर्चीतूनच सांगावं. आकडी येण्याचा धोका अगदी कमी, हजार रुग्णांत एकाहूनही कमी, पण शून्य नाही. म्हणूनच रोज ‘रात्री झोप लागली का, दारू घेतली का, नवी गोळी सुरू झाली का’ हे विचारलं जातं. काहींना ती नुसती चौकशी वाटते. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र) असेल तर आम्ही सुरुवातच करत नाही.

टेक्निशियनचं म्हणाल तर ही पद्धत जगभर आहे. रुग्ण निवडणं, मात्रा आणि जागा ठरवणं डॉक्टरचं काम. रोजचं सत्र प्रशिक्षित माणूस चालवतो आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. त्या पूर्ण वेळात रुग्णावरून नजर न हलवणारा माणूस शेजारी असणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आता मूळ प्रश्न, गुण येतो की नाही. मशीन माझं आहे, उपचाराचे पैसे मी घेते, म्हणून माझ्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे असे दोन्ही आकडे देते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) 2008 मध्ये नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता दिली, तीही औषधाने गुण न आलेल्यांसाठी. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 190 रुग्णांच्या चाचणीत खऱ्या कॉइलने सुमारे 14 टक्के लोक नैराश्यातून पूर्ण बाहेर आले, खोट्या कॉइलने, म्हणजे दिसायला तशीच पण खरा उपचार न देणाऱ्या कॉइलने, 5 टक्के. 2012 मध्ये रोजच्या प्रॅक्टिसमधल्या 307 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात डॉक्टरांच्या मोजमापानुसार 58 टक्क्यांना चांगला गुण आला आणि 37 टक्के पूर्ण बरे झाले. पण तिथे तुलनेसाठी खोटी कॉइल नव्हती. आणि 2018 मध्ये अमेरिकेतल्या 164 माजी सैनिकांवरच्या चाचणीत खऱ्या कॉइलने 41 टक्के आणि खोट्या कॉइलने 37 टक्के बरे झाले, म्हणजे सांगण्यासारखा फरकच दिसला नाही. रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडणं, कोणीतरी आपुलकीने चौकशी करणं, यानेही माणूस सावरतो, हे त्यातून दिसतं.

मग मी हा उपचार का देते? कारण दोन औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही नैराश्य गेलं नाही, तर तिसऱ्या औषधाने पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण सात जणांत एखादाच आहे. 2006 च्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात ते स्पष्ट दिसलं. अशा माणसाला आणखी एक पर्याय मिळणं फार मोलाचं असतं. अंथरुणातून न उठणारी माणसं या उपचारानंतर पुन्हा स्वयंपाकघरात, कामावर, नातवंडांत रमलेली मी पाहिली आहेत. न रमलेलीही पाहिली आहेत. कोणाला गुण येईल हे पहिल्या दिवशी खात्रीने सांगणारी कुठलीच तपासणी आज नाही, म्हणून संमतीपत्रावर ‘गुण न येण्याची शक्यता’ हे वाक्य सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो.

वीस सत्रांनंतर काहीच हललं नाही, तर निराश होणं मी समजू शकते. आजारी माणसाला रोज तयार करून, आपली कामं बाजूला ठेवून आणणं सोपं नसतं. पण वीस हा शेवट नाही. बऱ्याच चाचण्यांत कोर्स चार ते सहा आठवड्यांचा असतो आणि काही जणांना गुण उशिरा येतो. नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीतले आकडे थोडे जरी उतरले असतील तर पुढे जाण्यात अर्थ आहे. अजिबात हलले नसतील तर पद्धत बदलता येते: उजव्या बाजूला मंद गतीचे ठोके, किंवा थीटा बर्स्ट, म्हणजे झटपट ठोक्यांचे छोटे छोटे गट. 2018 मध्ये कॅनडात 414 रुग्णांवर झालेल्या चाचणीत तीन मिनिटांचा थीटा बर्स्ट साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरला नाही. तेही नको असेल तर निदान पुन्हा तपासायचं. थायरॉइड, बी-12, पूर्वी कधी उन्मादाचा काळ येऊन गेला का, हे सगळं पाहायचं. मग औषधांची जोड, समुपदेशन, ईसीटी आहेच.

गोळ्या सुटतील असं मी कोणालाच सांगत नाही. बहुतेकांमध्ये आरटीएमएस औषधांच्या जोडीने चालतं, आणि गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटतो. कमी करायच्या तर गुण टिकल्यावर, हळूहळू, लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारून.

आणि पार्किन्सन्स. 2020 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सगळे अभ्यास चाळून प्रतवारी केली. पहिल्या प्रतीचा पुरावा त्यांनी दिला तो नैराश्य, मज्जातंतूंच्या दुखापतीतून येणारी वेदना आणि पक्षाघातानंतर काही आठवड्यांतला हाताचा अशक्तपणा, यांना. पार्किन्सन्सच्या हालचालींच्या तक्रारींचा पुरावा एक पायरी खाली आहे. जो फायदा दिसतो तो माफक असतो, टिकतो थोडे दिवस, आजाराची वाढ त्याने थांबत नाही आणि लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची जागा तो घेऊ शकत नाही. इतक्यासाठी वयस्कर माणसाला महिनाभर रोज यायला लावणं मला योग्य वाटत नाही, म्हणून अशा विचारणेला माझं उत्तर पुढेही नाहीच असेल. पार्किन्सन्सबरोबर उदासी असेल तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा न्यूरोलॉजिस्टशी बोलून विचार करता येतो. अल्झायमर किंवा ऑटिझम चुंबकाने हमखास बरा करतो असं कोणी सांगत असेल, तर कृपया तिथे पैसे भरू नका.

तुम्हाला बोलायचं असेल तर कुठल्याही दिवशी काउंटरवर या अभिप्रायाचा उल्लेख करून माझी वेळ घ्या; या भेटीची फी नाही. येताना आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्यांची नावं, मात्रा आणि कोणती किती महिने घेतली ते लिहून आणा, रक्ततपासणीचे कागदही. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल तर सत्रांचा आणि प्रश्नावलीचा पूर्ण तपशील लेखी मिळेल, कारण विचारलं जाणार नाही. आणि आई जर ‘आता जगून काय करायचं’ असं म्हणत असतील, जेवण टाळत असतील, तर या भेटीची वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात घेऊन जा.