घर नाकारण्याआधी त्यांचे काम तरी पाहा

आज सकाळी गावाकडून फोन आला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात भाड्याची खोली शोधणाऱ्या दोन ख्रिस्ती नर्सबाईंना आणखी एका घरमालकाने नकार दिला. कारण काय, तर "या बायका धर्म बदलायला आल्यात." एक कोट्टयमची, दुसरी नगर जिल्ह्यातली. दोघींनी बाळंतपणाच्या कामाचे रीतसर शिक्षण घेतले आहे आणि मोठ्या दवाखान्यातली नोकरी त्यांना कुठेही मिळाली असती. त्या इथे आल्या आहेत त्या ऊसतोड मजुरांच्या कोपींवरच्या, म्हणजे शिवारातल्या झोपड्यांवरच्या बायकांसाठी, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही.

गेल्या हंगामात या दोघी कोल्हापुरातून दुचाकीवर ये-जा करत असत. आमच्या उसाला तोड आली होती, टोळी बीडकडची होती. रात्री मुकादम धावत आला, "ताई, पोरगी अडलीय." मी कोपीत पोहोचले तेव्हा नगरची सिस्टर पाचटावर गुडघे टेकून बसलेली होती, दिवसा तपासणीला आली असताना लक्षणे पाहून ती थांबली होती, एवढेच त्या पोरीचे नशीब. मूल झाले, रडले आणि आम्ही सगळ्या सुटलो. सिस्टर मात्र सुटली नव्हती. तिने लगेच मांडीत इंजेक्शन दिले, वार पडल्यावर ती ताटलीत घेऊन मोबाईलच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली, कारण एखादा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. मग पोट घट्ट लागेपर्यंत ती हाताने चोळत राहिली.

ज्यांना वाटते की सरकारी दवाखाना आहे, १०८ ची गाडी आहे, मग या बायका कशाला, त्यांनी एकदा कोपीवर जावे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असते, एक दिवस बुडाला की खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात, म्हणून नववा महिना लागला तरी बाई मोळ्या उचलत असते. तिचे नाव गावाकडच्या आशाताईंच्या वहीत, आणि ती मात्र पाच-सहा महिने आपल्या शिवारात. त्या रात्रीही १०८ आली आणि सिस्टर त्याच गाडीत बसून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात गेली. पण गाडी येईपर्यंतचा वेळ तिने सांभाळला. कळा काही वेळ सांगून येत नाहीत, म्हणूनच तिला गावात राहायचे आहे.

सेवेच्या आडून धर्मप्रचार कुठेच झाला नाही असे मी म्हणत नाही. झाला आहे, आणि अडलेल्या बाईकडून श्रद्धेचा मोबदला मागणे चूकच. पण मी जे पाहिले ते सांगते. काम सुरू करताना सिस्टरने क्षणभर डोळे मिटले, ओठ हलले, बस्स. बाळाच्या आजीने मनगटाला काळा दोरा बांधला, खंडोबाचे नाव घेऊन भंडारा कपाळाला लावला, तेव्हा ती काही बोलली नाही. तोच भंडारा नाळेला लावायला आजी निघाली, तेव्हा मात्र तिने तिचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, नाळेला काही लावू नका, ती कोरडी राहू द्या." धर्म बुडवायला आलेल्या बाईचा हा एवढाच हस्तक्षेप!

आणि हे कोण बोलते आहे? १८५२ साली मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले, १८९४ साली मिशनरी डॉ. वान्लेस यांनी मिरजेत दवाखाना उघडला. आपल्या घरातले कोणी ना कोणी त्या मिरजेच्या खाटेवर बरे होऊन आले आहे. तेव्हा डॉक्टरचा धर्म कुणी विचारला नाही. आता खोली द्यायची वेळ आली की विचारतो, कारण आता जीव आपल्या घरातल्या बाईचा नाही, परमुलखातून आलेल्या मजुराच्या बाईचा आहे. मला या गोष्टीची मनापासून चीड येते. तिच्या कोयत्याने तोडलेल्या उसाचे बिल घेताना आपण तिची जात विचारत नाही आणि गावही विचारत नाही.

ज्यांनी नकार दिला ती माणसे वाईट नाहीत, हेही मला ठाऊक आहे. अडीअडचणीला तीच धावून येतात. गावात चार लोक काय म्हणतील याची त्यांना भीती आहे, आणि ती भीती मी समजू शकते. म्हणूनच हे इथे लिहिते आहे, म्हणजे ते चार लोकही वाचतील.

आमचे गावातले घर भाऊबंदकीत अडकले आहे, नाहीतर मी विचारत बसले नसते. मुकादमाचा कालच फोन होता. यंदाच्या टोळीत दोघीजणी गरोदर आहेत, एकीला सातवा लागला आहे, आणि दिवाळी झाली की ते इकडे निघतील. या दोघी सिस्टरांना पाणी आणि संडासाची सोय असलेली एक खोली हवी आहे, रस्त्यालगत असेल तर फार बरे, कारण त्यांना रात्रीअपरात्री बाहेर पडावे लागते. भाडे दोघी वेळेवर देतील, अनामत मी भरते. कुणाकडे असेल तर मला थेट फोन करा.