सांगलीची दाढ, लेस्टरची अक्कल

परवा घरच्या ग्रुपवर वाद पेटला. सांगलीत वहिनींची दाढ ठणकायला लागली. डेंटिस्टने एक्स-रे काढला, रूट कॅनाल सांगितलं आणि ‘आधी इन्फेक्शन उतरू दे’ म्हणून पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह, वर मेट्रोनिडाझोल, अशी दोन अँटिबायोटिकं. मी इंग्लंडमधून, लेस्टरहून एवढंच विचारलं, सूज आहे का? ताप? दोन्ही नव्हतं. मग कशाला? दादा म्हणाला, “तुमच्याकडे पॅरासिटामॉल देऊन वाटेला लावतात, तसं इथे चालत नाही.”

‘तुमच्याकडे’ हा शब्द मला झोंबला.

अरे, नस सुजून ठणकते त्याला अँटिबायोटिकने गुण येत नाही. नस मेली तर आत रक्तच पोचत नाही, गोळी कुठून पोचणार? दाढ उघडायची, नाहीतर उपटायची. इथे सूज पसरली, ताप आला तरच लिहून देतात. हृदयाच्या झडपेचा दोष असलेल्यांनाही दात काढण्याआधी सरसकट डोस देणं २००८ मध्येच थांबवलं. आपल्याकडे अशा गोळ्यांच्या पट्टीवर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून. पण गिऱ्हाईक ओळखीचं निघालं की मेडिकलवाल्याला ती दिसेनाशी होते. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा चढ्या आवाजातच.

२०२० चं मात्र लिहिलं नाही. मार्चअखेर इंग्लंडमधले दातांचे दवाखाने बंद झाले, जूनपर्यंत बहुतेकांना फोनवर सल्ला, वेदनाशामक आणि अँटिबायोटिक. त्या वर्षी डेंटिस्टांच्या चिठ्ठ्या भराभर वाढल्या. खुर्ची मिळेनाशी झाली की साहेबही गोळीच लिहितो.

आणि गेल्या जानेवारीचंही नाही लिहिलं. माझीच दाढ. नेहमीचा दवाखाना एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सोडून खाजगी झालेला, नवे पेशंट कुणी घेईना, १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनवर नुसतं संगीत. रात्री दोनला फोन लावला तो दादाला; तिकडे साडेसात, तो चहा घेत होता. “मी दिलेली पट्टी आहे ना कपाटात?” होती. दर खेपेला भडंगाच्या पुड्यांमध्ये तीही येते. घेतली. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला, उरलेल्या गोळ्या परत कपाटात. कोर्स अर्धवट टाकू नये, हे दादाला ऐकवणारा मीच.

दादाने ग्रुपवर यातलं काही काढलं नाही, याचंच जास्त लागलं.

रात्री वहिनींचा वेगळा मेसेज आला: “भावजी, दिवाळीला याल तेव्हा नवी पट्टी आणून ठेवू का? जुनीची तारीख संपली असेल.”

तारीख ऑगस्टची आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.