बंदुकीचं आरसी बुक

कुठे गोळीबार झाला की चार दिवस एकच प्रश्न फिरतो: ‘स्कूटरला नंबर लागतो, मग बंदुकीला काहून नको?’ राजेहो, आपल्याकडे बंदुकीवरचा कायदा गाडीवरच्या कायद्यापेक्षा जुना आहे. इंग्रजांचा शस्त्र कायदा १८७८ चा, मोटारींचा १९१४ चा. आज लागू आहे तो शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. बंदुकीला नंबर असतो, तो परवान्यावर लिहिलेला असतो आणि नंबर नसलेली बंदूक विकायलाच बंदी आहे.

तरी मागणी अगदीच वायफळ नाही. गाडीची नोंद गाडीला चिकटलेली असते, बंदुकीची नोंद माणसाला. घोळ होतो तो इथे.

गाडीचं आधी बघा. शोरूममध्ये पैसे मोजले की डीलर फॉर्म २० भरतो, नागपूर शहरात एमएच ३१ किंवा एमएच ४९ मिळतो, ग्रामीण असाल तर एमएच ४०. गाडी कशाला हवी, हे कोणी विचारत नाही. पुढे ती पाच जणांच्या हातून गेली तरी नंबर तोच राहतो. फॉर्म २९ आणि ३० भरले की नाव बदलतं, इतिहास त्याच पानावर राहतो.

बंदुकीत क्रम उलटा आहे. आधी माणूस तपासतात, मग हत्यार. अर्ज ऑनलाइन भरायचा, फॉर्म ए-१. नागपूर शहरात परवाना देतात पोलिस आयुक्त, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण, घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि कारण: जीविताला धोका, पीक संरक्षण किंवा नेमबाजी. मग पोलिस ठाण्याची चौकशी. परवाना हातात आल्यावर डीलरकडे जायचं, हत्यार घेऊन ते परवाना शाखेत दाखवायचं, नंबर चढवून घ्यायचा. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय डेटाबेसचा युआयएन, म्हणजे स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक लागतो. तो नसेल तर परवाना वैध धरत नाहीत. १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली.

शिक्षेतला फरकही लक्षात घ्या. विनानोंदणी गाडी रस्त्यावर पहिल्यांदा सापडली तर पाच हजारांपर्यंत दंड. तीच गाडी स्वतःच्या वावरात उभी असेल तर काहीच नाही, कारण नोंदणी लागते ती गाडी चालवायला. बिनपरवान्याची बंदूक कपाटातून बाहेर निघाली नाही तरी गुन्हा आहे: कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. आणि एमएच ३१ची कार सीमेवरचं खवासा ओलांडून मध्य प्रदेशात सिवनीला गेली तर कोणी हटकत नाही. ‘महाराष्ट्र राज्यापुरता’ असा शिक्का असलेला परवाना मात्र हद्द संपली की संपला. छिंदवाड्याच्या लग्नाला हत्यार कमरेला लावून निघणाऱ्यांनी परवान्यावरची क्षेत्राची ओळ वाचून घ्यावी. तिथे हवेत बार काढला, तर त्याचं वेगळं कलम २०१९ पासून आहे.

‘गाडीसारखी नोंदणी’ ही घोषणाच मुळात अमेरिकेतली आहे. तिथे ती समजण्यासारखी आहे, कारण १९८६ च्या संघीय कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायलाच मनाई केली. तिथे गुन्ह्यातल्या बंदुकीचा माग काढायचा तर कारखान्यातून घाऊक व्यापारी, त्याच्याकडून दुकानदार आणि दुकानदाराकडच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवरून पहिला ग्राहक, असं एकेक दार ठोठवावं लागतं. त्या ग्राहकाने पुढे कोणाला खासगीत विकली असेल तर बहुतेक राज्यांत धागा तिथेच तुटतो. कॅनडाने उलट केलं. १९९५ च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकाही नोंदवायला घेतल्या, खर्च अंदाजाच्या कैक पट गेला आणि २०१२ मध्ये ती नोंदवही मोडीत काढली. ही दोन्ही भांडणं आपली नाहीत. आपली दुखणी बारीक आहेत आणि बरीचशी कारकुनी आहेत.

पहिलं दुखणं नंबरचं. गाडीचा चासी नंबर जगभर १७ अक्षरांचा, त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, म्हणजे शून्य-एकशी गल्लत नको. बंदुकीला असा जागतिक साचा नाही. दोन कंपन्यांच्या दोन हत्यारांवर एकच आकडा असू शकतो. म्हणून नुसता नंबर लिहून भागत नाही. कंपनी, बोअर (नळीचं माप), मॉडेल आणि नंबर हे चारही लागतात. दुनळी १२ बोरमध्ये आकडा बॉडीवर, नळीवर आणि नळीखालच्या लाकडाच्या लोखंडी पट्टीवर असू शकतो; नळी बदललेली असेल तर तिन्ही जुळत नाहीत. काही विदेशी रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेर काढल्यावर दिसणारा आकडा हा जुळणीचा, म्हणजे कारखान्यात सुटे भाग जोडताना टाकलेला असतो, खरा नंबर मुठीच्या तळाशी. नोंद करणाऱ्याने जुळणीचा आकडा चढवला की कागदावरचं हत्यार वेगळं आणि हातातलं वेगळं. मग नूतनीकरणाला पाच वर्षांनी दुसरा कारकून खरा नंबर वाचतो आणि परवानाधारक संशयित होतो. शस्त्र अधिनियमाचं कलम ८ कडक आहे: नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं.

दुसरं दुखणं मालक वारल्यावरचं, आणि सगळ्यात जास्त घरं इथेच फसतात. आजोबांची बंदूक, आजोबा गेले, बंदूक दिवाणात. परवाना आजोबांच्या नावाचा, म्हणजे त्यांच्यामागे घरात जो कोणी ती ठेवतो तो बिनपरवाना ताबेदार. गाडीत वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. तोपर्यंत गाडी दारात उभी राहिली तरी चालते. बंदूक दारात चालत नाही. ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायची, पावतीवर कंपनी-बोअर-नंबर स्वतः वाचून घ्यायचे, काडतुसं मोजून तीही लिहवून घ्यायची. वारसाने स्वतःचा परवाना मागायचा असेल तर बाकीच्या वारसांची नाहरकत लागते. नको असेल तर डीलरमार्फत विक्री. हयातीत स्वतःचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसतं.

हत्यार असं एका परवान्यावरून उतरतं आणि दुसऱ्यावर चढतं. मधल्या काळात ते डीलरच्या रजिस्टरमध्ये, मालखान्यात किंवा निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा असतं. तिथे आरटीओची पद्धत उसनी घ्यायला हवी: हत्यारालाच कायमचं एक पान, त्यावर कारखाना, डीलर, मालक, जमा, परत, वारस, भंगार असा सगळा प्रवास. मृत्यूची नोंद झाली की परवाना शाखेत आपोआप घंटा वाजायला हवी. गाडीची एक गोष्ट मात्र मुळीच घेऊ नये: नंबर टाकला की कोणालाही माहिती दिसण्याची सोय. २०१२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्राने परवानाधारकांचे पत्ते नकाशावर छापले आणि गदारोळ झाला. कोणत्या घरात बंदूक आहे ही यादी चोराच्या कामाची आधी, शेजाऱ्याच्या कामाची नंतर.

आता खरी गोम. बातमीत ‘देशी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ असं येतं, तो कट्टा कुठल्याच नोंदवहीत नसतो, येणारही नाही. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानी या बाजूने येणारा माल पोलिस वर्षानुवर्षं पकडत आहेत. त्याला नंबर नाही, अनेकदा नळीत आट्याही (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) नाहीत, त्यामुळे गोळीवरून हत्यार जुळवणं प्रयोगशाळेला अवघड जातं. पुंगळीवरच्या, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या कवचावरच्या, पिनच्या खुणेवर भिस्त ठेवावी लागते.

पण त्या कट्ट्यात भरलेलं काडतूस बघा. त्याच्या बुडावर बरेचदा ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असतो. केएफ म्हणजे खडकीचा सरकारी कारखाना, आणि ८ एमएम म्हणजे परवान्यावर मिळणाऱ्या .३१५ रायफलीचं काडतूस. कट्टा भट्टीत बनतो, काडतूस गावात बनवणं तितकं सोपं नाही. म्हणजे ते कधीतरी कारखान्यातून, डीलरच्या काउंटरवरून, कोणाच्या तरी परवान्यावरून गेलेलं असू शकतं. खरेदीची नोंद परवान्यावर होते, डीलरच्या रजिस्टरलाही होते. मर्यादाही लिहिलेली असते. पण घरी नेलेल्या पन्नासांतली किती उडवली आणि किती ‘उडवली’, याचा हिशोब कोण लावतो? बुडावरच्या ठशावरून कारखाना आणि बोअर कळतं, ते काडतूस कोणत्या डीलरला गेलं हे कळत नाही.

ब्राझीलने २००३ च्या कायद्याने पोलिस आणि सैन्याच्या काडतुसांच्या बुडावर लॉटची (कोणत्या खेपेतलं काडतूस त्याची) खूण सक्तीची केली. २०१८ मध्ये रिओतल्या नगरसेविका मारिएल फ्रँको यांच्या खुनानंतर सापडलेल्या पुंगळ्या त्या खुणेमुळे २००६ साली संघीय पोलिसांना विकलेल्या लॉटपर्यंत पोहोचल्या. पुढे माग अडला, कारण तो लॉट प्रचंड होता, त्यातलं नेमकं कुठून फुटलं ते सांगता येईना. आपल्याकडे करायचं तर लॉट छोटे हवेत, एका डीलरला एक लॉट, डब्यावरचा कोड स्कॅन होऊन युआयएनवर चढायला हवा आणि नूतनीकरणाला परवानाधारकाने उरलेली काडतुसं आणि रिकाम्या पुंगळ्या दोन्ही टेबलावर मांडायला हव्यात. नेमबाजांना याचा त्रास होईल, त्यांचा खप मोठा असतो. त्यांची मोजणी रेंजवरच होऊ शकते. रामटेक-पारशिवनीकडच्या शेतकऱ्याला तर काहीच जड नाही, त्याची रानडुकरांसाठीची भरमार ठासणीची असते, तिला काडतूसच लागत नाही.