तिशीनंतर एलएलबी बंद? कोणी सांगितलं?

काल रात्री साडेदहाला अमळनेरहून भाचीचा फोन. "मामा, आते कसं व्हई?" पोरगी सिव्हिल इंजिनिअर, वय 32, आठ वर्षं नाशिकला साइटवर काढलेली, यंदा एलएलबीची सीईटी द्यायची म्हणून तयारीला लागलेली. आणि तिच्या काकांनी घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: 'इंजिनिअरांनो, वकिलीच्या नादी लागू नका.' मी स्वतः मेकॅनिकल करून चौतिसाव्या वर्षी लॉ कॉलेजच्या बाकावर बसलो होतो, त्यामुळे जरा तिखटच लिहितो.

'तिशीनंतर तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश नाही.' याच ओळीनं तिची झोप उडवली. वकिली आणि तिच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत 30 वर्षांची अट होती, हे खरं. ती मध्ये काढली, 2016 मध्ये परिपत्रक काढून परत आणली. मार्च 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या परिपत्रकाला स्थगिती दिली, आणि आपल्या राज्याच्या सीईटीला कमाल वयाची अट नाही. कुठल्याही शाखेची पदवी, खुल्या गटाला 45 टक्के, झालं. फॉरवर्डवाल्यानं जुना कागद दाखवला, पुढचे दाबून ठेवले. माझ्या वर्गात तहसीलमधून रिटायर झालेले एक आप्पा पहिल्या बाकावर बसायचे. परीक्षेच्या आधी आम्ही सगळे त्यांच्याच वहीची झेरॉक्स मारायचो.

'सनदेला वीस हजार लागतात.' 30 जुलै 2024 चा सुप्रीम कोर्टाचा गौरव कुमार निकाल वाचा. सनद म्हणजे वकिलीचा परवाना, आणि त्याची नोंदणी फी कायद्यात आहे तेवढीच: खुल्या गटाला 750, एससी-एसटीला 125 रुपये, वर स्टॅम्प ड्यूटी.

'इंग्रजी फाडफाड हवं.' हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात हवंच. तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, आणि अर्धे साक्षीदार तर अहिराणीतच बोलतात.

'इंजिनिअरिंग वाया जातं.' हसावं की रडावं! पाटचारीत गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचं प्रकरण माझ्याकडे होतं. पंचनाम्यात पाइपलाइन अडीच इंची लिहिलेली. शेतात उकरून तुकडा काढला, टेप लावला, चार इंची निघाली. त्या फाइलवरून तोवर किती जणांची नजर फिरली होती, कुणाला खटकलं नाही. शिवाय पेटंट एजंटच्या, म्हणजे नव्या शोधांचे हक्क नोंदवून देणाऱ्याच्या, परीक्षेला विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचीच पदवी लागते, नुसती एलएलबी पुरत नाही.

राहिला कमाईचा मुद्दा. सुरुवातीची दोन-तीन वर्षं हातात फारसं पडत नाही, नाइलाजानं कबूल. बार कौन्सिलनं 2024 मध्ये ग्रामीण भागातल्या ज्युनिअरला महिना 15,000 द्यावेत असं सुचवलंय. सुचवलंयच फक्त, तालुक्याच्या बाररूममध्ये तो कागद दाखवला तर सीनिअर चहा पाजतील. म्हणून भाचीला म्हटलं, फॉर्म भर, पण शिक्षणाची तीन अन् पुढची दोन अशा पाच वर्षांच्या खर्चाची सोय आधी कर. बापाच्या कापसाच्या भावावर विसंबू नको.