‘दोन सेकंदांच्या’ रीस्टार्टबद्दल

महोदय,

सांबा सर्व्हरचे, म्हणजे विंडोज संगणकांना नेटवर्कवरून फाइली वाटून देणाऱ्या सर्व्हरचे, कॉन्फिगरेशन (सेटिंग्जची फाइल) बदलल्यावर तो रीस्टार्ट न करता शक्यतो रीलोड करावा, असे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, “रीस्टार्टला दोन सेकंद लागतात, त्याचा एवढा बाऊ कशाला? लिहिण्याआधी एखादा खरा सर्व्हर हाताळावा.” मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु समोरच्याने सर्व्हर पाहिलेलाच नाही असे गृहीत धरून बोलणे, याला मतभेद म्हणत नाहीत. लातूर, जालना, परभणी येथील मोंढ्यांतल्या अडत दुकानांची नेटवर्क मी वर्षानुवर्षे सांभाळत आलो आहे. भुसार मालाची धूळ आणि विजेचा लपंडाव सोसत चालणारा तेथला सर्व्हर आपल्या वातानुकूलित खोलीतल्या सर्व्हरइतकाच खरा असतो.

आता ते दोन सेकंद. सेवा तेवढ्यात पुन्हा उभी राहते, हे कोण नाकारतो? प्रश्न आहे तो त्या दोन सेकंदांत काय तुटते याचा. सांबा जोडलेल्या प्रत्येक संगणकासाठी एसएमबीडीची (त्याच्या मुख्य प्रोग्रॅमची) स्वतंत्र प्रक्रिया चालवतो आणि रीस्टार्ट करताच त्या साऱ्या प्रक्रिया संपतात. सोयाबीनची आवक जोरात असताना मुनीम विंडोजवरून सामायिक फोल्डरमधल्या फाइलीत शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) भरत असेल, तर ती फाइल मधेच सुटते; एक्सेल निदान तक्रार तरी करते, हिशेबाची जुनी सॉफ्टवेअरे मात्र अर्धवट नोंद ठेवून मोकळी होतात. याउलट एसएमबीकंट्रोल या सांबाच्याच साधनाने रीलोडचा आदेश दिला, तर कॉन्फिगरेशन पुन्हा वाचले जाते, नवे शेअर (सामायिक फोल्डर) उपलब्ध होते आणि आधीच्या जोडण्यांना धक्का लागत नाही. एखाद्या शेअरचा बदललेला नियम जुन्या जोडणीलाही तातडीने लावायचा असेल, तर एसएमबीकंट्रोलच्याच दुसऱ्या आदेशाने तेवढे एकच शेअर बंद करता येते. त्यासाठी अख्खा मोंढा खोळंबून ठेवावा लागत नाही. सर्व्हरने कोणत्या नेटवर्क कार्डावर वा पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) ऐकावे हे बदलायचे असेल, तर रीस्टार्ट करावेच लागते आणि ते दुकाने बंद झाल्यावर, एसएमबीस्टेटस या आदेशाने कोणत्या फाइली उघड्या आहेत ते पाहून करावे, हे मी मूळ लेखातच लिहिले होते. आपण तिथवर वाचले नसावे.

टेस्टपार्म या साधनाने कॉन्फिगरेशनची फाइल तपासण्याची पायरी लेखात फार खाली आली आहे, ही आपली सूचना मात्र रास्त आहे. स्पेलिंग चुकलेला पॅरामीटर (सेटिंगचे नाव) सांबा लॉगमध्ये नोंदवून सरळ सोडून देतो आणि बदल लागू झाला अशा समजुतीत आपण निर्धास्त राहतो. ती ओळ मी वर नेली आहे.

उरलेले मुद्दे थोडक्यात. ‘विंडोज एक्सपीची जुनी यंत्रे भंगारात घाला’ हे सांगणे सोपे आहे. २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून सांबात एसएमबी १, म्हणजे फाइली वाटण्याची एक्सपीला येणारी एकमेव जुनी पद्धत, मुळातच बंद असते, ते उगाच उघडू नये, हे मलाही मान्य आहे. पण वजनकाट्याचे सॉफ्टवेअर ज्या यंत्रावरच चालते, ते भंगारात घालून माल कशावर तोलायचा, हे आपण सांगितलेले नाही. माझी भाषा आपल्याला बोजड वाटते, याला माझा इलाज नाही. रीलोडविषयीचा परिच्छेद मी बदलणार नाही.